आर्वीला दिलं तेव्हा

२४ नोव्हेंबर
सतीशरावांचा फोन. परवा येतो म्हणाले, नव्या बायकोला, मनीषालाही आणतो. "जरा बोलायचं हाय, अक्का." काय बोलायचं ते मी विचारलं नाही. गरजच नव्हती.
कडक भाकरीची ऑर्डर होती, चारपाच भाकरी करपल्या. आर्वी ओट्याखाली बसून कणकेचा उंदीर करत होती. त्याला शेपूट मोठी लावू का छोटी, सारखं विचारत होती.
रेखा बाळंतपणातच गेली. माझी धाकटी बहीण. पोरीला मी दवाखान्यातून थेट जुळे सोलापूरला, या घरात आणलं. रेखाचे यजमान सतीशराव तेव्हा भिंतीला टेकून म्हणाले होते, "मला हिच्याकडं बघवत न्हाय, अक्का. तुमीच न्या." आता पोर पाच वर्षांची झाली. मला आई म्हणते, यांना बाबा. सतीशरावांना टेंभुर्णीचे पप्पा.

२६ नोव्हेंबर
आले. मनीषा खुर्चीच्या कडेवर बसली, पाणीसुद्धा अर्धंच प्यायली. आर्वीला फ्रॉक आणलेला. दोन वर्षांच्या पोरीला बसेल एवढा. मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर. हिला साधं मापही माहीत नाही, असं मनात म्हटलं.
सतीशराव मान खाली घालून बोलले. "तुमचं उपकार फिटायचं न्हाईत. पण पोरगी माझी हाय की. किती दिवस पाव्हण्यावानी येऊन बिस्किटपुडा देऊन जायचं?"
हे उठून गॅलरीत गेले, ते दोघं जाईपर्यंत आत आलेच नाहीत.

२८ नोव्हेंबर
हे वकिलाकडे जाऊन आले. चेहरा उजळलेला. वर्षानुवर्षं लांबवता येईल म्हणाले. तोवर पोर मोठी होते, आणि तिनं कोर्टात सांगितलं की मला इथंच राहायचं, तर... "फक्त तिच्याशी तसं बोलत राहायचं. सतीश तुला टाकून गेला होता म्हणून."
मी नाही म्हणाले नाही. दुपारभर ते वाक्य आर्वीला कसं सांगायचं याची मनात तालीम करत होते.

२९ नोव्हेंबर
पूजेला बसले. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर, इबत्ती, भस्म लावलं, बघत राहिले. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला आठव्या वर्षी शिकवलं हे. ते म्हणायचे, "डोळे मिटले की आपलंच बोलणं ऐकू येतं. उघडे ठेव, बघत राहा. त्याला काय पाहिजे ते कळतं." माहेरी कुणी गेलं तरी अप्पांची पूजा चुकली नाही, आई, आमची अव्वा, गेली त्या दिवशीसुद्धा.
मी लग्नानंतर वर्षानुवर्षं एकच मागितलं. मूल. आणि मग रेखा गेली आणि मूल आलं.
शिवा, मी असं नव्हतं मागितलं.
हे आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळही नाही.

३ डिसेंबर
एस.टी.नं एकटीच टेंभुर्णीला गेले. यांना चुलतभावाकडे जाते म्हटलं. घर बघायचं होतं. कुठं काही वाईट सापडतंय का, हेच बघायला गेले होते, दुसरं काय.
काही सापडलं नाही. हायवेला टायरचं दुकान, मागं तीन खोल्या, अंगण झाडलेलं. सतीशराव गाडी घेऊन बाहेर गेलेले. मनीषानं चहा केला आणि समोर जमिनीवरच बसली. मी विचारलं, तुला सवतीची पोर कशाला पाहिजे गं? उद्या तुझं मूल होईल.
म्हणाली, "ह्यांनी न्हाय अक्का, मीच म्हटलं पोरीला आणा. माझी आई गेली तवा मी चालायलाबी लागले नव्हते. मामीनं लई जीव लावला, खोटं कशाला बोलू. पण बाप एकदाबी न्यायला आला न्हाय. दुसरं लगीन करून बसला. सणावाराला मी दाराकडं बघायची. मामी म्हणायची, तुला हितं काय कमी हाय? कमी कायच नव्हतं. पण बापाला मी नको हुते, ते मनातनं जात न्हाय बघा."
मग पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "तुमी म्हणाल तसं. मी भांडायची न्हाय."
येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले. भांडली असती तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर
पोर ठेवायची की द्यायची, त्याचं उत्तर आलं. नको होतं त्या तोंडातून, मनीषाच्या तोंडातून आलं. पूजेला बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा. लिंग गळ्यातच राहिलं, दगडासारखं जड.

७ डिसेंबर
यांना सांगितलं, पोर द्यायची. टेंभुर्णीला गेले होते तेही सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर चाललं असतं. "तुझ्या देवानं सांगितलं का पोरगी देऊन टाक म्हणून? मला का सांगत नाही तो? मी बाप नाही?"
ते बाप आहेत. ताप आला की रात्ररात्र खांद्यावर घेऊन फिरणारे तेच.
"दे तू," म्हणाले. "मी नाही देणार. तू दे."

१३ डिसेंबर
आर्वीला सांगितलं. केस विंचरताना सांगितलं, म्हणजे तोंड दिसत नाही.
"पप्पांकडे राहायला जायचं?"
"हो."
"तू पण?"
"मी भेटायला येणार."
"झोपायला नाही?"
वेणी तीनदा सोडून घातली.

१९ डिसेंबर
गेली.
हे सकाळी लवकरच ड्युटीवर गेले. तिला उठवलंसुद्धा नाही, नुसतं दारातून बघून गेले. सतीशरावांनी तिला गाडीत पुढं बसवलं, त्यामुळे खूश. मला वाटलं होतं रडेल, पदर सोडणार नाही, मग मनीषाच म्हणेल राहू दे अक्का. रडली नाही. काचेतून हात हलवला. जत्रेला निघाल्यासारखा.
वर आले. 

२० डिसेंबर
पूजा केली. काही नाही. हात, लिंग, इबत्ती. बस.

२५ डिसेंबर
हे हॉलमध्ये झोपतात. जेवताना टीव्ही लावतात. आज भाजीत मीठ नव्हतं, खाल्ली तशीच.
शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोठं मन लागतं बाई." मला त्यांना घराबाहेर ढकलावंसं वाटलं. मोठं कुठलं? होतं तेवढंही फाटलंय.

२९ डिसेंबर
मनीषाचा फोन. पोरगी जेवत नाही नीट. दिवसभर बरी असते, अंगणात खेळते, संध्याकाळ झाली की गप्प. "तुमी काय घालून भरवता वो अक्का?" दूधभात, वर शेंगाचटणी अगदी चिमूटभर, म्हटलं. "बोलवू का तिला?" पलीकडं मनीषा हाक मारत राहिली. आली नाही.

२ जानेवारी
आज स्वतःहून बोलली. आधी नुसता श्वास ऐकू येत होता.
"आई, मी काय केलं?"
"काही नाही गं सोन्या."
"मग मला का दिलंस?"
काय सांगणार? बाप होता म्हणून? बापाला मी नको होते असं तुला पुढं वाटू नये म्हणून? तेच तर झालं. मनीषाच्या मनातला काटा पोरीला नको म्हणून गेले, तो मीच तिच्या मनात रुतवला.
फोन यांच्या हातात गेला. "बाळा," एवढंच म्हणाले आणि फोन परत माझ्या हातात दिला.

३ जानेवारी
पूजेला बसले. रागानं बसले. अप्पा, तुम्ही म्हणायचात बघत राहा, कळतं. कळलं होतं मला. बसमध्ये त्या दिवशी अगदी लख्ख कळलं होतं. मग हे काय? त्यानं सांगितलं तेच केलं की मला ऐकू आलं ते? इतकी वर्षं हातावर घेऊन बसले, त्याचा आवाज अजून ओळखता येत नाही?
तरी लिंग खाली ठेवलं नाही.

४ जानेवारी
सकाळी मनीषानंच फोन केला. "अक्का, येऊन जावा की. मी तिला समजवायला कमी पडते. माझ्यावर राग धरू नका." राग धरता येईल असंही ही पोरगी वागत नाही.
उद्या निघतोय. यांनी रजा टाकली. आज कितीतरी दिवसांनी माझ्या शेजारी बसून जेवले. ताट उचलताना म्हणाले, "येताना दोघंच की तिघं, ते तिथं बघू."
मी शेंगाचटणीची पुडी पिशवीत भरली.