कलम अकरा, ठिपक्याविना

३ सप्टेंबर

बारीक टायपात छापलेल्या कागदावर निमूटपणे सही करून देणाऱ्या माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! तुमची-माझी तक्रार एकच आहे. मोठ्या टायपात आपल्याला वचन देतात आणि बारीक टायपात ते परत घेतात. किती दिवस चालवून घ्यायचं हे?

पुरे. समोर छापखान्याच्या गेटवरची कामगारांची द्वारसभा नाही, वही आहे. जेवणाच्या टेबलावर तीन विमा कंपन्यांची पत्रकं पसरली आहेत आणि माझं डोकं तापलंय, एवढंच.

माझी लेक, भिंगरी, जाणार! परदेशी, बर्फाच्या डोंगरावर, डिसेंबर ते एप्रिल. लहान मुलांना स्कीइंग शिकवणाऱ्या शाळेत मदतनीस म्हणून. सकाळी पोरांच्या पायांत बूट चढवायचे, पडलेल्यांना उचलायचं, आणि दुपारनंतर स्वतः मन भरेपर्यंत घसरायचं. शाळेची अट एकच. संपूर्ण सीझनचा विमा काढा, तीस सप्टेंबरच्या आत कागद पाठवा. नाहीतर जागा दुसऱ्याला.

शेजारचे कंडक्टर (निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कंडक्टरच) दारातून म्हणाले, "घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या जिन्यात या. फुकट!"

"काका, तुमच्या जिन्यात हेलिकॉप्टर येत नाही ना उचलायला," भिंगरी म्हणाली.

विमा निवडायचं काम माझ्याकडे. "आई, तीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढल्यास. आता एकदा माझ्यासाठी काढ." कुठल्याच लेकीने मुद्रितशोधकाला याहून मोठा हार घातला नसेल.

५ सप्टेंबर

रविवार सगळा पत्रकांत गेला. माझी पद्धत जुनीच. ओळ वाचायची, पटली की डाव्या समासात पेन्सिलीने एक बारीक ठिपका. ठिपका म्हणजे मी वाचलं, तपासलं, जबाबदारी माझी. वाचलेल्या पण न पटलेल्या ओळीला ठिपका नाही, मग मालक डोक्यावर उभा असला तरी नाही. या ठिपक्यांवरून तीन व्यवस्थापकांशी भांडले आहे.

निळं पत्रक बाद. वरती 'वर्षभर निश्चिंत!' आणि सातव्या पानावर सलग एकतीस दिवसांपेक्षा जास्त मुक्काम चालणार नाही. मग वर्षभर कसलं? बारा वेळा जाऊन बारा वेळा परत यायचं?

हिरवंही बाद. स्कीइंगला मान्यता आहे, पण वर्षातले सतरा दिवस. अठराव्या दिवशी पाय मोडला तर तो पाय तिचा एकटीचा!

उरलं पांढरं. सबंध सीझन धरतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवणं धरतात. मध्येच घरी यावं लागलं तर चौदा दिवसांपर्यंत येऊन परत जाता येतं, विमा तुटत नाही. हे कुणी माणसाने लिहिलेलं दिसतंय. अजून अर्धं वाचायचंय.

७ सप्टेंबर

पांढऱ्या पत्रकाचा विमावाला घरी आला होता. टाय, चकचकीत बूट, बोलणं लोण्यासारखं. "मॅडम, हे सगळं स्टँडर्ड असतं."

स्टँडर्ड! या शब्दाखाली माणसाला काय काय गिळायला लावलंय! मी म्हटलं, "कलम सहा. अंगमेहनतीच्या कामात इजा झाली तर भरपाई नाही. पडलेली पोरं उचलणं ही अंगमेहनत आहे की नाही?"

"मुलं हलकी असतात हो मॅडम."

"तुम्ही उचलून बघितलीत?"

"घरी दोन आहेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "जुळी."

भिंगरी खो-खो हसायला लागली. मीही. बिचाऱ्याने आमच्यासमोरच ऑफिसला फोन लावला, मुलांना शिकवणं अंगमेहनतीत धरत नाही असं लेखी मागवून घेतलं. जाताना म्हणाला, "एवढं वाचणारं कुणी भेटत नाही. बरं वाटतं खरं तर."

आखलेल्या वाटेबाहेर घसरायचं तर सोबत प्रशिक्षक हवा. डोक्यावर हेल्मेट हवं. पिऊन घसरलं तर विमा नाही. तिन्हींना ठिपके. कंपनीशी सहमत होण्याची माझी पहिलीच वेळ!

८ सप्टेंबर

कलम नऊ. 'पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च.'

वाचलं. ठिपका दिला. उठून गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले.

१० सप्टेंबर

कलम अकरा.

घरी जवळच्या नातेवाइकाला गंभीर आजार झाला म्हणून परत यावं लागलं, तर जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देणार. मात्र तो आजार विमा काढताना घरात कुणालाही ठाऊक असेल तर आधी कळवलेला हवा. लपवला असेल तर हे कलम लागू नाही.

आता इथे तरी लिहून टाकते. माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबते आणि पिशवीत किल्ली शोधल्यासारखं करते, ते यासाठी. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रिया करावी लागेल. वर्षं काढता येणार नाहीत, महिन्यांची भाषा बोला." मी म्हटलं, सीझन संपू दे. त्यांना वाटलं मी हवामानाबद्दल बोलते आहे.

भिंगरीला कळलं तर ती जाणार नाही. इतकं साधं आहे. हिचे बाबा गेले तेव्हा ही अकरा वर्षांची होती. तेव्हापासून माझ्या ताटात काय उरलं ते बघून मग स्वतःचं ताट उचलणारी मुलगी. आता कुठे तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलंय. बर्फ मागितला! मी देणार. एप्रिलमध्ये ती परत येईल, मग सांगेन.

पंधरा वेळा ती ओळ वाचली.

१३ सप्टेंबर

बुटांची खरेदी. स्कीचे बूट म्हणजे पायाला प्लॅस्टर करून घेण्याचा प्रकार. ते घालून भिंगरी दुकानभर चालली, धपाक्-धपाक्. दुकानदार म्हणाला, "अंगठा पुढे टेकतोय का?" ही म्हणे, "आई, तू सांग."

मी काय सांगणार? पण खाली बसले आणि बुटाच्या वरून अंगठा चाचपला, शाळेचे बूट घेताना चाचपायचे तसा. कडक कवचातून काही लागेना. तरी म्हटलं, "बरोबर आहे." ती म्हणाली, "मग हेच."

उठताना धाप लागली. "गुडघे," मी म्हटलं.

१६ सप्टेंबर

फॉर्म भरायला बसलो. ती लिहीत होती, मी भाजी निवडत होते. नाव, वय, मुक्कामाचे दिवस एकशे अडतीस. मग तिने वर न बघता विचारलं, "जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाला कळवण्याजोगा आजार? म्हणजे तूच. तुला काही आहे का गं?"

"मला काय धाड भरली आहे!"

इतक्या सहज. इतक्या मोठ्याने. माईक नसतानाही मागच्या रांगेपर्यंत गेलं असतं.

तिने मात्र काही लिहिलं नाही. "पत्रक दे, एकदा सगळं बघते," म्हणाली.

१७ सप्टेंबर

कामावरून आले तर भिंगरी टेबलाशी. पुढ्यात पांढरं पत्रक. चहा करून ठेवलेला, वर बशी.

"आई, अकरावर ठिपका नाही."

"राहिला असेल."

"दहावर आहे. बारावर आहे. शेवटच्या पानावर कंपनीच्या पत्त्यालासुद्धा आहे. आणि अकराचा समास बघ. चार वेळा खोडरबर फिरवलंय तिथे."

खरं होतं ते. चारदा ठिपका देऊन चारदा पुसला होता मी. तोंडाने मी लेकीशी खोटं बोलू शकले, पण हाताला जमलं नाही. तीस वर्षांची सवय, ती आईपणालाही जुमानत नाही!

मी सुरू केलं. माणसाला स्वतःचं आयुष्य जगण्याचा हक्क, पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी घरच्या आजारपणांपायी सोडलेल्या वाटा...

"आई, माईक खाली ठेव."

ठेवला. सांगितलं. झडप, जिना, महिन्यांची भाषा. चार वाक्यांत संपलं.

ती रडली नाही. पत्रक नीट घडी करून म्हणाली, "तू मला पाठवत नव्हतीस. तू माझा परत यायचा रस्ता बंद करत होतीस. तुला काही झालं असतं तर मी तिथे बर्फात उभी, आणि इथे कंपनी म्हणाली असती, आईला माहीत होतं. आणि खरंच माहीत होतं!"

"तू थांबली असतीस म्हणून..."

"थांबले असते! की नसते थांबले! ते मी ठरवलं असतं ना? गेटवर उभी राहून काय सांगतेस लोकांना? ज्याच्या आयुष्याचा निर्णय, त्याला सगळा कागद वाचायला मिळाला पाहिजे. तुझंच वाक्य. लहानपणी पाठ होतं मला."

एवढ्या सभा गाजवल्या. इतका बिनतोड सवाल कधी आला नव्हता.

मग ती माझ्या खुर्चीमागे आली, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून तशीच उभी राहिली. चहा निवला.

१८ सप्टेंबर

बोलत नाही माझ्याशी. पण दुसऱ्या मजल्यावर एक स्टूल आणून ठेवलंय! कंडक्टरांनी विचारलं, हे कुणाचं? ही म्हणाली, "राखीव जागा आहे काका. तुम्ही तरी उठवू नका."

२० सप्टेंबर

भिंगरीने विमावाल्याला सगळं सांगून विचारलं. माझ्यासमोरच, फोन मोठ्या आवाजावर ठेवून. त्याने ऐकून घेतलं. शस्त्रक्रिया होऊन गेली आणि डॉक्टरांनी प्रकृती ठीक असल्याचं लिहून दिलं, तर कलम अकरा पूर्ण लागू. नुसतं कळवून ठेवलं, तर विमा मिळेल पण माझं हृदय त्यातून वगळणार. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर फॉर्मवर ती घालायची, डॉक्टरांचा कागद नंतर दिला तरी चालेल.

"मॅडम आहेत का तिथे?" त्याने विचारलं. "त्यांना सांगा, काळजी घ्या. माझ्या ऑफिसात त्यांची आठवण काढतात. भीतीने, पण काढतात."

शाळेनेही भिंगरीला कळवलं, जानेवारीत आलीस तरी जागा ठेवतो, विम्याचा कागद मात्र तीसलाच हवा. म्हणजे आता शस्त्रक्रिया केली तर सगळं बसतं. ती इथे असताना ऑपरेशन, ती इथे असताना टाके सुकणं, मग तिचा बर्फ. सरळ हिशेब.

"फोन तू करायचा," भिंगरी म्हणाली. "मी तारीख घेणार नाही. शरीर तुझं, निर्णय तुझा. तारीख मिळाली तर मी जाते. नाही मिळाली तर इथेच बसते, तुझ्यासमोर, खुर्ची टाकून, एप्रिलपर्यंत."

"ही धमकी आहे."

"ही मागणी आहे. तुझ्याकडूनच शिकले."

२२ सप्टेंबर

फोन केला नाही. छापखान्यात निवडणुकीच्या याद्यांची प्रुफं आली आहेत.

२३ सप्टेंबर

केला नाही. दुपारी डॉक्टर शस्त्रक्रियेत असतील, उगाच त्रास कशाला.

२६ सप्टेंबर

भिंगरी काही विचारत नाही. आज सुट्टी म्हणून माझ्या केसांना तेल लावून दिलं. बोटं तिच्या बाबांसारखी, रुंद. मधेच थांबली आणि तळवा माझ्या पाठीवर ठेवला, डाव्या बाजूला. किती तरी वेळ. मग म्हणाली, "चालू आहे."

"आजवर एकदाही संपावर गेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणते, आता त्याच्या मागण्यांकडे बघ."

तिचे नवे बूट दारामागे उभे आहेत. येता-जाता मी त्यांना वळसा घालते.

२७ सप्टेंबर, सकाळी

खरं लिही, बाई. निदान इथे तरी.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं पहिल्यांदा सांगितलं ते फेब्रुवारीत. भिंगरीच्या शाळेचं पत्र आलं ऑगस्टमध्ये. मधले सहा महिने कुणाचा सीझन चालू होता?

लेकीसाठी थांबले नव्हते. भ्याले होते. हजारांच्या सभेत पाय लटपटले नाहीत, पण त्या टेबलावर उताणं पडायचं, भूल द्यायची, आणि काही बोलता येणार नाही... याला भ्याले. तिचा बर्फ आयता मिळाला, तो पुढे केला.

पावणेनऊ झालेत. दवाखाना नऊला उघडतो. वही मीट. फोन उचल आणि तारीख माग.