चष्मा न लावणाऱ्या पंथावर बंदी घालण्याबाबत

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमची तब्येत आणि वहिनींचे गुडघे उत्तम असल्याचं तुम्ही कळवलंत, आणि तुमच्यावर अविश्वास दाखवायचं मला काही कारण नाही (तरी तुमचं अक्षर थोडं थरथरलेलं वाटलं, रक्तदाब तपासून घ्या). हे पत्र हातात पडल्यावर आधी पाकिटाची कड बघा. मी ती दोनदा चिकटवली आहे. तीनदा चिकटवलेली दिसली तर वाटेत कोणीतरी वाचलं असं समजा.

धर्माच्या नावाने जमणाऱ्या मंडळींबद्दलच्या तक्रारी तुमच्याच टेबलावर येतात, म्हणून गेल्या महिन्यात मी त्रेचाळीस सह्यांचा अर्ज तुमच्याकडे पाठवला. आमच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एक नवा पंथ निघाला आहे. डोळे जसे मिळाले तसेच वापरावेत, ज्याला देवाने जग अंधुक दाखवलं त्याने ते अंधुकच बघावं, मध्ये काच घालणं म्हणजे त्याच्या कामात खोट काढणं, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांना ‘उघडडोळे’ म्हणतात. मी चष्म्याचा दुकानदार, म्हणून मला ही बंदी हवी आहे असं बाजारात बोललं जातं. माझ्या धंद्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही (चष्म्याची काडी धरून). मला संशय आला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे लोक भोंगा लावत नाहीत, वर्गणी मागत नाहीत, रस्ता अडवत नाहीत. दर गुरुवारी सकाळी जमतात, तासभर शांत बसतात आणि जाताना जिना झाडून जातात. मला सांगा, मनात काही नसेल तर माणूस दुसऱ्याचा जिना कशाला झाडेल?

अर्जावर तुमचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘पंथाचं नाव खोडा आणि त्यांनी केलेलं कृत्य लिहा.’ दादा, राग मानू नका, पण हे वाचून तुमच्या ऑफिसातही त्यांचा माणूस आहे की काय अशी मला शंका आली. तुमच्या वरच्या साहेबांनी हल्ली चष्मा काढला आहे का, ते जमल्यास कळवा. पण कृत्य पाहिजे म्हणालात, तेव्हा मी स्वतः जाऊन पुरावा आणायचं ठरवलं. आता तिथे चष्मा लावून कसं जाणार? म्हणून तो दुकानातच ठेवला. माझा नंबर मायनस पाच आहे हे तुम्हाला माहीत आहे. पायऱ्या मोजत वर गेलो, दाराऐवजी आधी खिडकीला नमस्कार केला, आणि मग मला कळलं की हेरगिरीला आलेल्या माणसाला निदान हेरता तरी आलं पाहिजे. खोलीत पंधरा माणसं होती की वीस, बायका किती, पुरुष किती, देव जाणे. एक मोठा पांढरा आकार होता, त्याला मी त्यांचा गुरू समजून बराच वेळ निरखत होतो. ते कपाट निघालं.

खरी चालवणारी एक म्हातारी टेलरबाई. (चाळीस वर्षं ब्लाउज शिवले, आता सुईत दोरा ओवता येत नाही, तर म्हणते देवानेच सुट्टी दिली.) तिने माझा हात धरून मला बसवलं आणि ‘जागा पुरली का?’ एवढंच विचारलं. मी कोण, कुठून आलो, कशाला आलो, काही नाही. तिथे कोणी कोणाला ओळखायला जात नाही, कारण दिसतच नाही. शेजारच्या माणसाने मात्र आपणहून सांगितलं, ‘मी बसवर ड्रायव्हर आहे, हल्ली फार बरं वाटतं.’ आवाज मी लगेच ओळखला. त्याचा मायनस साडेचारचा चष्मा मीच केला होता. दादा, हा माणूस इथून उठला की थेट शाळेच्या फेरीची बस चालवतो.

मिळालं एकदाचं कृत्य, म्हणून तास संपताच मी लगबगीने खाली उतरलो. डेपोच्या व्यवस्थापकाला गाठायचं होतं. तो भेटला, पण म्हणाला, ‘धर्माचा मामला आहे हो, मी हात घातला तर उद्या माझ्यावरच अर्ज येईल.’ मी म्हटलं, हा धर्माचा नाही, ब्रेकचा मामला आहे. तर म्हणाला, लेखी द्या. मी तिथेच लेखी दिलं (नंतर कळलं की अर्धा मजकूर टेबलाच्या काचेवर लिहिला गेला होता) आणि त्याच तावात रस्ता ओलांडायला निघालो. चष्मा दुकानातच आहे हे मी साफ विसरलो होतो.

मला वाटलं समोर निळी भिंत आहे. ती भिंत हलत होती. कोणीतरी बाई ओरडली, ‘थांबव, थांबव, पुढे माणूस आहे,’ आणि ब्रेक असे लागले की आतली सगळी पोरं एकदम किंचाळली. बस माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ओरडली ती कंडक्टरबाई. ती गेला महिनाभर दारात उभी राहून त्याला डावं-उजवं सांगत होती, कारण त्याची नोकरी जाऊ नये असं तिला वाटत होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि हात पुढे करून मला चाचपू लागला.

‘लागलं का कुठे? कोण आहात?’

‘चष्मेवाला,’ मी म्हणालो. ‘तुझा चष्मा कुठे आहे?’

‘घरी. तुमचा?’

‘दुकानात.’

मग तो चाकाशीच बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याला शिव्या घालायच्या ठरवल्या होत्या, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. कंडक्टरबाईंनी पोरांना रांगेत शाळेपर्यंत चालत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन डेपोत गेला आणि मला स्टिअरिंगवरून काढा म्हणाला. आता तो बस धुण्याच्या खात्यात आहे. पुढच्या गुरुवारी टेलरबाईने सगळ्यांना बजावलं की आपलं अंधुक आपल्यापाशी. ज्याच्या कामात दुसऱ्याचा जीव आहे त्याने एकतर काच लावावी, नाहीतर काम सोडावं. दोघांनी हे ढोंग आहे म्हणून पंथ सोडला. (हे मला सायकलवाल्याने सांगितलं. तो माझ्याकडून ऐकून त्यांनाही सांगत असेल, मी त्याच्यासमोर जपून बोलतो.) मी ड्रायव्हरच्या घरी नवा चष्मा घेऊन गेलो होतो, फुकट. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच परत दिला. म्हणाला, ‘मला दिसतं तेवढं पुरतं. बस चालवायला पुरत नव्हतं, एवढंच.’

आता तुम्हीच सांगा, अशा माणसांवर बंदी घालायची कशी? वेड्यावाकड्या लोकांवर घालता येते, समंजस माणसं फार अवघड जातात. त्यांचा समंजसपणा हाच त्यांचा डाव असावा असं मला पहिले तीन दिवस वाटत होतं. अजूनही अधूनमधून वाटतं. तरी अर्जाचं काय करायचं ते तुम्ही तुमच्या पद्धतीने ठरवा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. त्रेचाळीस सह्यांबद्दल एक खुलासा. त्यातल्या निदान तीस जणांना ती मोफत डोळे तपासणीची यादी वाटली होती. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. फक्त, नाही असंही सांगितलं नव्हतं.

आणखी ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. अर्ज फाईलच्या अगदी तळाशी घाला, किंवा हरवला तरी चालेल. कारण विचाराल तर, तुमच्या बहिणीने पंधरा दिवसांपासून चष्मा काढून ठेवला आहे. पंथात गेले नाही म्हणते, नुसतं करून बघतेय. काल जेवताना माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, ‘काही नाही. हल्ली तुम्ही बरे दिसता.’ सत्तावीस वर्षांत प्रथमच म्हणाली. यातही काहीतरी असणार अशी मला दाट शंका आहे, पण चौकशी करू नका. बंदी आली तर तिला पुन्हा चष्मा लावावा लागेल.