जहीरच्या जोडीनं खाली कोण उतरणार?

घाटंजी,
शनिवार

परम आदरणीय शमाआपा,

तुमच्या धाकट्या भावाच्या, जहीरच्या, दोस्ताचा, म्हणजे या धावजीचा, सलाम अन् राम राम दोन्ही एकाच ताटात वाढले आहेत, गोड मानून घ्यावे. आधी गुडघ्याचं सांगा. ते तेल लावून राह्यल्या का, का भाईजाननं सारी बाटली दाराच्या बिजागरीले लावून संपवली? (मागच्या वेळी ढाणकीले आलतो तेव्हा तुमचं दार लय मऊ उघडत होतं, अन् तुम्ही मात्र उठताना कण्हत होत्या, म्हणून विचारलं.) तुमची निलोफर सासरी बरी आहे ना? इकडं सारे खुशाल आहेत. म्हणजे मी सोडून सारे.

फोन न करता पत्र काहून लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. तर एक म्हणजे फोनवर तुम्ही मले बोलू देत नाही. दुसरं, तुमचा फोन कायम मोठ्या आवाजावर असते अन् अर्धी ढाणकी ऐकते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावं तर तुमच्या घरच्या ग्रुपमध्ये जहीर बसला आहे, अन् हा मजकूर त्याच्या कानावर जाता कामा नये, कारण मजकूर त्याचाच आहे.

तर सन्माननीय आपा (माफ करा, समोर माईक नसला तरी सवय जात नाही), विषयाकडे वळतो. घाटंजीत स्कुबा डायव्हिंगचा क्लब निघाला आहे. हसून घ्या, मी थांबतो. आपल्या इथं नळ आला की गल्लीभर आरडाओरडा होते, अन् लोक समुद्राच्या तळाशी जायच्या गोष्टी करून राह्यले. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची, पायात बदकासारखे पंजे चढवायचे अन् खाली जाऊन मासे पाह्यचे. मासे तर आपल्या आठवडी बाजारातही दिसतात, अन् पाहून झाले की घरीही आणता येतात. हे मी पहिल्याच सभेत बोललो. कोणी टाळी वाजवली नाही.

या साऱ्या उपद्व्यापाचं मूळ म्हणजे कपिल साहेब. मालवणचा माणूस, तिथंच स्कुबा शिकलेला, बँकेनं बदली करून इथं धाडला. त्याले समुद्राची आठवण येते म्हणे. येऊ द्या ना! मलेही माझ्या याडीच्या, माझ्या आईच्या, हातच्या भाकरीची आठवण येते, मी काय तिचा क्लब काढला? माणूस वाईट असता तर मले लय आनंद झाला असता. पण नाही. बोलते गोड, वागते साधा, बँकेत म्हातारं माणूस आलं की उठून आपली खुर्ची देते. खांदेही असे की सदरा शिवणाऱ्यानं कापड जास्त मागावं. अशा माणसाबद्दल चारचौघांत वाईट बोलायची सोयच राहत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलून राह्यलो.

सभा भरते जहीरच्या मंडपाच्या गोदामात. तिथं नवरानवरीच्या त्या लाल मखमलीच्या खुर्च्या ठेवल्या आहेत ना, त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीत कपिल साहेब बसते. नवरीच्या खुर्चीत कोण? तुमचा भाऊ! अन् मी समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत, जिचा एक पाय जहीर मागच्या दिवाळीपासून दुरुस्त करून राह्यला. आपा, तुम्हाले तर माहीत आहे, झेरॉक्सचं दुकान हा माझा पोटाचा धंदा, पण खरा धंदा सूत्रसंचालनाचा. मी बोलायचं अन् जहीरच्या भोंग्यानं ते गावाले ऐकवायचं, असंच आजवर चाललं. निलोफरच्या लग्नात वरात अडकली, लाइट गेली, तेव्हा मी अख्खी दुपार पाहुण्यायले हसवत ठेवलं अन् तुमचा भाऊ जनरेटरच्या धुरात बसून माझा आवाज जिता ठेवत होता. त्याच्याकडे न पाहता मले कळते की तो मशीनजवळ आहे का चहाले गेला.

पहिले पाहुणे आले ते यवतमाळचे कानाचे डॉक्टर. शाल झाली, नारळ झाला. पाण्याखाली कानावर दाब येते, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान मोकळे होतात, असं त्यायनं सांगतलं. साऱ्या गोदामानं नाकं धरून फुंकलं. बबनरावांनी (ज्यायच्या वावरातलं शेततळं पुढं येणार आहे, ते) हळूच हा शब्द ऐकलाच नाही, तर त्यायची कवळी सुटून थेट डॉक्टरांच्या नव्या शालीत गेली. एवढा रंगलेला कार्यक्रम, त्यावर मी आभार मानायले उठलो. माझे आभार तुम्ही ऐकले आहेत. त्यात पाहुणे, पाहुण्यांचे आईवडील, चहावाला, सतरंजी झटकणारे अन् पाऊस न आल्याबद्दल वरुणराजा, साऱ्यायले जागा असते. मी चहावाल्यापाशी पोचलो असन, तेवढ्यात कपिल साहेबानं तळहात असा खाली केला. अन् आपा, तुमच्या भावानं बटन फिरवून माझा आवाज बारीक केला.

वरुणराजाचे आभार मी विनामाईक मानले. सभा संपल्यावर जहीरले बाजूले घेतलं अन् विचारलं, काहून बे, बटन काहून फिरवलं? त्याले काहीच वाटलं नाही. सभेआधी कपिल साहेबासंग बबनरावांच्या शेततळ्यात डुबक्या मारून आलता, डोळे लाल होते अन् चेहऱ्यावर एखाद्या लहान पोट्ट्यासारखं हसू होतं. म्हणे, "यार धावजी, पाण्याखाली लय मस्त वाटते. कोणीच बोलत नाही."

कोणीच बोलत नाही! त्या रात्री मी जेवलो नाही. रुपीबाईले (म्हणजे माझ्या बायकोले, तुमच्या भावजयीले) कणकण आहे म्हणून सांगतलं, तर तिनं काढा करून दिला, तोही प्यावा लागला.

दुसरे पाहुणे राजूरचे सुनील भाऊ, कोळसा खाणीतल्या बचाव पथकातून निवृत्त झालेले. बोलायले साधा माणूस, पण साऱ्या सभेनं कान दिला. म्हणे, खाण काय अन् समुद्र काय, खाली जाताना टाकीपेक्षा जोडीदार मोठा. तुमच्या टाकीत काय चाललं हे तो पाह्यन, त्याच्या टाकीतलं तुम्ही पाहाल. तुमची हवा सरली तर तो आपल्या तोंडची देईन. म्हणून ज्याचा चेहरा तुम्हाले न बोलता कळते, असाच माणूस निवडा. आपा, माझे डोळे भरून आले. मी जहीरकडे पाह्यलं. जहीर कपिल साहेबाकडे पाहून राह्यलता.

हो, जळतो मी! तुमच्यापासून काय लपवू? आधी रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसत होता, आता ती वेळ मालवणच्या गोष्टी ऐकण्यात जाते. परवा माझ्यासमोर चहा पिता पिता तो "तिकडं आमच्याकडं कासव दिसते" असं बोलून गेला. आमच्याकडं! घाटंजीचा जहीर, ज्यानं समुद्र फक्त कॅलेंडरवर पाह्यला!

मग मीही ठरवलं की आपण काही कमी नाही, अन् शेततळ्यावर गेलो. मले पोहता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाले माहीत? लहानपणी वाघाडी नदीत मी गटांगळ्या खाऊन राह्यलतो तेव्हा जहीरनंच केस धरून बाहेर ओढलं, अन् बाहेर आल्यावर तुम्ही दोघांलेही ओल्या कपड्यानं बदडलं. तवापासून पाय भिजेल एवढं पाणी ओलांडायचं म्हटलं तरी मी त्याचा हात धरतो, गावाले ठाऊक आहे. पण त्या दिवशी जहीर पलीकडच्या कोपऱ्यात चष्मा लावून तळाशी गेलता, अन् काठावर कपिल साहेब त्याच्यासाठी टॉवेल धरून उभा. टॉवेल, आपा! ते पाहून माझं डोकं फिरलं अन् मी उतारावर पाय ठेवला.

शेततळ्याले खालून वरपर्यंत काळं प्लास्टिक असते अन् त्यावर शेवाळ, हे मले बबनरावांनी आधी सांगायले पाहिजे होतं. (ते म्हणतात सांगतलं होतं. कवळी नसताना ते काय सांगतात हे कोणाले कळते?) मी जो बसलो तो सरळ पाण्यात. वर चढायले जावं तर हात सुटते, पाय सुटते, धरायले काहीच नाही. तोंडात पाणी गेलं, आवाज बंद झाला. माझा आवाज बंद झाला म्हणजे समजून घ्या काय हालत असन. शेवटी कपिल साहेबानं दोर टाकला, कमरेले गुंडाळायले लावला अन् मले भरल्या पोत्यासारखं वर ओढलं. वरून तो टॉवेलही मलेच दिला. मी तो घेतला, कारण थंडी वाजत होती. एवढ्यात जहीर वर आला, म्हणे काय झालं? सारे हसले. तोही हसला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पुढच्या सभेचा विषय होता "पाण्यात घाबरल्यावर काय करू नये". व्याख्याते कपिल साहेब. उदाहरण मी. बबनरावांच्या गड्यानं मोबाइलवर सारं काढून ठेवलं होतं, ते जहीरनं लग्नात लावायच्या आपल्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. सूत्रसंचालन मलेच करायचं होतं. मी केलं. "यानंतर आपण पाहणार आहोत" असं म्हणून मी मलेच सादर केलं.

आता क्लबची सहल निघते मालवणले, खऱ्या समुद्रात. कोण कोणाचा जोडीदार, हे उद्या रविवारच्या सभेत ठरणार. म्हणून हात जोडून विनंती की तुम्ही मोठी बहीण म्हणून जहीरले हा क्लब सोडायले लावा. त्याचं रक्तदाबाचं आहे, लग्नसराई तोंडावर आहे, भोंग्यांच्या वायरी उंदरं खाऊन राह्यली. तुम्ही आईच्या जागी आहात, तुमच्या शब्दाबाहेर तो जात नाही. माझा यात काडीचा स्वार्थ नाही.

भाईजानले सलाम, लहानांले आशीर्वाद.

तुमचा, वाघाडीत वाचलेला,
धावजी

ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं, एक सांगायचं राह्यलं. वरचा शेवटचा परिच्छेद लिहिला खरा, पण तो क्लब सोडणार नाही हे तुम्हालेही माहीत आहे. इतका खूश मी त्याले लय वर्षांत पाह्यला नाही, अन् तेच तर दुखते. तर खरी विनंती अशी : तुम्ही आज रात्रीच त्याले फोन करून एवढंच सांगा की खाली उतरायचं तर धावजीच्या जोडीनं. मीही नाव दिलं आहे. पोहता येत नाही, तरी दिलं. ते दोघं खाली जाणार अन् मी बोटीवर बसून त्यायच्या चपला राखणार, हे माझ्यानं होणार नाही. (आज रात्री फोन करायचं सांगणारं पत्र आज रात्री पोचत नाही, हे आत्ता लक्षात आलं. पण लिहून मोकळं वाटलं.)

ता. क. दुसरा, सोमवार : काल पोस्ट बंद होतं म्हणून पाकीट फोडून हे लिहितो. जोड्या ठरल्या. क्लबचा नियम असा निघाला की ज्याले पोहता येत नाही त्यानं स्कुबा शिकलेल्या माणसासोबतच उतरायचं, त्याचा हात न सोडता. घाटंजीत शिकलेला माणूस एकच. म्हणून एक जोडी कपिल साहेब अन् धावजी. दुसरी जोडी जहीर अन् बबनराव. मी हरकत घ्यायले उठलोच होतो, तेवढ्यात मले जहीरचा चेहरा दिसला. आपा, त्याच्या हातातला माईक खाली पडला. जहीरच्या हातून माईक!

त्याच संध्याकाळी जहीर दुकानात आला. बसला नाही. आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. दिली. अजून एक मागितली. मी विचारलं, कायले पाहिजे? तर म्हणे, "मज्जा आहे बा तुयी. इतक्या वर्षांची जोडी, अन् उतरतो त्या मालवणवाल्यासोबत! जा. तिकडं त्यानं हात सोडला तर मले नको सांगजो." मी शांतपणे म्हटलं, नाही सोडणार, त्याचे खांदे लय मजबूत आहेत. जहीर चहा न घेता गेला. मूळ कार्ड मशीनमध्येच राह्यलं, ते न्यायले अजून आला नाही. एवढं बरं मले निलोफरच्या लग्नानंतर आजच वाटलं.

ता. क. तिसरा अन् शेवटचा : म्हणून आपा, वरचं सारं रद्द समजा. त्याले फोन करू नका, क्लब सोड म्हणू नका, समजूत तर मुळीच काढू नका. उलट त्यानं रडगाणं लावलं तर कपिल साहेबाची तारीफ करा. थोडे दिवस जळू द्या त्याले, मी किती दिवस जळलो! मात्र मालवणले बोट सुटायच्या आधी फोन कराच, विसरू नका, अन् तुमच्या त्या बदडायच्या आवाजात सांगजा की बबनरावांले दुसरं कोणी पाह्यन, तू धावजीजवळ राह्य. नियमाप्रमाणे माझा एक हात कपिल साहेब धरन, धरू द्या, माणूस चांगला आहे. दुसरा मी मोकळा ठेवून राह्यलो.