घड तपासायला पाठवले

आई,

लांबूनच पाया पडतो. मी बरा हाय, जेवतो वेळेवर. फोनवर हे बोलवंना, म्हणून लिहितोय. धाकटीला वाचून दाखवाय सांग.

हितं कॅनडात डोंगराला वणवा लागलाय. आमच्या बागेपासून लय लांब हाय, काळजी करू नकोस. पण धूर हितवर येतो. भर दुपारी सूर्य तांबडा दिसतो. मी मुकादम, म्हणून काचा लावून गाडीत बसतो. बाया मात्र धुरातच द्राक्षं तोडतात.

त्यातली एक पंजाबी मावशी तुझ्याच वयाची हाय. काल तोंडाला ओढणी बांधून खोकत होती. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देताना तू पदर लावून खोकतीस, तशीच. मी म्हटलं, "मावशी, एवढी ओळ संपवा."

धुराचा वास द्राक्षांत उतरला का, ते बघायला मालकानं घड तपासायला पाठवले. मीच ते बर्फात घालून, जपून नेले. मावशीला साधं विचारलंसुद्धा न्हाई. विचारलं असतं, तर घरी पाठवावं लागलं असतं.

तुझा खोकला कसा हाय, आई? फोनवर दर वेळी ऐकू येतो. आणि मी दर वेळी बेदाण्याचंच विचारतो.

तुझा,
इंद्रजित