पूर्णेवरची दुसरी नाव

१६ फेब्रुवारी १९६४

प्रिय मोतीराम,

सोनाळ्याला तुझा जम बसला, बैलगाड्या बांधायची कामं मिळताहेत, असं तुझ्या मेहुण्याकडून कळलं. तुझं अक्षर मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तर लिहिण्याचा त्रास घेऊ नकोस.

पंचायत पूर्णेवर पुन्हा मोठी नाव आणतेय. चाळीस माणसं आणि दोन बैलगाड्या पेलणारी. लाकडी की लोखंडी, आणि कुणाकडून, हे उद्याच्या सभेत ठरेल. मलकापूरचा एक कारखानदार पत्र्याची द्यायला तयार आहे. पत्रा उन्हात तापतो, त्यावर बैलाचे खूर घसरतात, भोक पडलं तर नाव मलकापूरला न्यावी लागेल. सागाची फळी इथल्या इथे बदलता येते. हे सगळं मला सुचलं, पण मी बोललो नाही. रामराव सरपंच म्हणाले, "मोतीरामचं लाकूडच सडकं होतं, आता लोखंडच पाह्यजे." उद्याच्या ठरावाच्या मसुद्यात हेच वाक्य लिहिलंय, आणि नाव-समितीचा प्रमुख म्हणून खाली सही माझी हवी आहे.

नाव बुडाली त्याला आठ महिने झाले. शाळेत जातो, पाढे घेतो, घरी येऊन जेवतो. प्रेमलाची पाटी फडताळात आहे. ती दिसते, पण आत काही हलत नाही. रडू एकदाही आलं नाही. लोक म्हणतात, मास्तर फार खंबीर. मला हसूही येत नाही.

नाव बांधून झाली तेव्हा तू ती काठाशी पाण्यात बुडवून ठेवलीस. सांध्यांत कापूस आणि राळ भरली होतीस, तरी लाकूड फुगून सांधे मिटायला वेळ लागतो, म्हणालास. पाहुण्यांकडच्या लग्नाला निघताना मला एकट्याला बजावलंस, "तीन दिस तिले हात लावू नको, मास्तर." दुसऱ्याच दिवशी पलीकडे बाजार होता. बाया टोपल्या घेऊन काठावर बसल्या होत्या, प्रेमला बांगड्यांसाठी हटून बसली होती. मी नाव वर काढायला लावली, पाणी उपसलं, हात फिरवून पाहिला. सांधे मिटलेले वाटले. मधल्या धारेत फळ्या उघडल्या. चौघं गेली, त्यात माझी पोर.

तू परतलास तेव्हा गाव तुझ्या लाकडाला शिव्या देत होतं. तू काठावरच्या फळ्या पाहिल्यास, मग माझ्याकडे पाहिलंस. तुला सगळं समजलं होतं. पोर गेलेल्या बापाला काय बोलायचं, म्हणून तू गप्प बसलास आणि महिन्याभरात गाव सोडलंस. मीही गप्प बसलो. मला कुणी विचारलं नाही, हे मला बरं वाटलं, मोतीराम. एवढं एकच वाटलं.

आज दुपारी प्रेमलाच्या आईला, अन्नपूर्णेला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. ती भाकरी झाली, पुढची झाली. पीठ संपलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिले मोतीरामभाऊले लिहा. मंग उद्या पंचायतीत सांगजा. त्याइले दुसऱ्याच्या तोंडून कळू नये." म्हणून लिहितोय.

तुझाच,
नीळकंठ