आवाज नसलेला पंप

प्रिय तेजल,

काल दवाखान्याच्या जिन्यात तू माझ्याकडे पाठ फिरवलीस, ते बरोबरच होतं. तरी हे पत्र फाडू नकोस. माझा फोन जयदेवने काढून घेतलाय, नवरा म्हणून तो त्याचा हक्क म्हणे. आमच्याकडे रोपांच्या पिशव्या भरणारी कौसाबाई हे तुला आणून देईल.

लग्न होऊन तू उल्हासनगरला कॅम्प तीनला गेलीस, त्यानंतर आम्ही नर्सरीवर सोलर बसवलं. किती खूश होते मी! सुपारीच्या रोपांवरची डिझेलची काजळी गेली, पाटातला तेलाचा तवंग गेला, पॅनेलखाली बुलबुलाने घरटं केलं. अख्ख्या बदलापुरात मिरवलं आम्ही. पण आपल्या दोन्ही विहिरींचा झरा एकच. पूर्वी आमचं इंजिन भकभकत असेपर्यंत बांधापलीकडे तुझ्या माहेरी अण्णा थांबायचे, ते बंद झालं की त्यांची मोटर सुरू. कधी बोलावं लागलं नाही, त्या आवाजावरच दोन घरांची पाळी चालायची. सोलरला आवाजच नाही गं. ऊन फुकट, मग पंप बंद कशाला करायचा? दिवसभर पाणी, रोपांची मुळं कुजली तरी पाणी. अण्णांच्या विहिरीचा तळ दिसला. काकडी, दुधी, सगळं वाळलं. मी शेजारची, तरी मला 'सूनबाई' म्हणत ते सांगायला यायचे आणि जयदेव विचारायचा, सूर्य काय तुमच्या बापाचा आहे का? मी पंप बंद करायचे, तो पुन्हा चालू करायचा.

परवा भर दुपारी अण्णा पहार घेऊन आले आणि पॅनेल फोडत सुटले. काचा रोपांत, काचा त्यांच्या हातात, रक्त कोपरापर्यंत. घरटं खाली पडलं, त्यावर त्यांचाच पाय पडला. एवढं फोडूनही मेला पंप चालूच होता. मग त्यांनी पहार टाकून दिली. "झालं माझं. आता तरी पाणी थांबव," एवढंच म्हणाले आणि घराकडे वळले. जयदेवने मागून पाठीत फावडं घातलं. ते पडले, तर तोंडावर घातलं. जबडा मोडलेला मी ऐकला, तेजल. मी मधे पडले, त्याने मला ढकललं आणि पुन्हा मारलं. शेवटी मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तेव्हा फावडं सुटलं.

चौकीत त्याने सांगितलंय की अण्णांनी त्याच्या डोक्यावर पहार उगारली होती, त्याने फक्त जीव वाचवला. अण्णांचा जबडा तारांनी बांधलेला, ते बोलणार कसे? मीही तसंच सांगावं म्हणून काल त्याने माझा गळा धरला. बोटांचे वळ अजून आहेत.

उद्या सकाळी मला जबाबाला बोलावलंय. पहार जमिनीवर होती आणि अण्णांची पाठ होती, हेच मी सांगणार. मग या घरात मला जागा नाही, आणि चौकीच्या दारात जयदेव उभा असेल. मला फार भीती वाटते गं. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसती दारात उभी राहा. आणि आधी अण्णांच्या कानात सांग, सूनबाईने पंप बंद केलाय.

तू मानलंस तर अजूनही तुझीच,
सुनेत्रा