टीव्हीवरच्या कुंताबाईमुळे माझं वावर चाललं

नाचणगाव

चि. ओमप्रकाश यास कुंताताईचे आशीर्वाद. तुझी कंबर आता वाकू देते का? मोहिनीचा खोकला गेला का? (जात नसेल तर डॉक्टर बदला, कफ सिरप बदलत बसू नका.) माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गावात सध्या कुणाचा त्यावर विश्वास नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि मागे सिरियल चालू असते.

दिल्लीच्या चॅनेलवाल्यांचा कार्यक्रम तू पाहिलासच. पण तो झाला कसा, ते तुला माहीत नाही. ते आले तेव्हा मी वांग्यावर फवारणी करत होते. लुगड्यावर ह्यांचा जुना फुलशर्ट, तोंडाला फडकं, पाठीवर बॅटरीचा पंप. माईकवाल्या पोरीने इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "भैया, कुंताजी कहाँ मिलेंगी?" फडकं सोडलं तर बिचारी घाबरली. मग चाळीस मिनिटं तिने माझं बोलणं घेतलं. फळात शिरणारी अळी, तिच्यासाठी लावलेले सापळे, पुलगावच्या बाजारात पहाटे जागा धरण्यावरून अनुसयाबाईशी होणारी भांडणं, मी सगळं सांगितलं. पोर इतकी मान हलवत होती की मला वाटलं, हीसुद्धा वांगी लावणार. शेवटी तिने विचारलं, पती कशाने गेले? मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी, काविळीने. "बस? पीलिया?" म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला की ह्यांच्या वतीने माफी मागावी असं मला वाटलं.

मग शर्ट काढायला लावला. पेटीतलं फिकट पातळ नेसायला लावलं. गॅस असताना अंगणातली चूल पेटवायला लावली, जिच्यात दोन वर्षं कोंबडी अंडी घालते. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, मी खोकते आहे, नाक पुसते आहे आणि ती पोर कॅमेऱ्यामागून म्हणते, "बहुत अच्छा दीदी, ऐसे ही." तेवढ्यात आपल्या वावराचे मालक मधुकरराव बिडी ओढत तिकडून चालले होते. त्यांना धरून वांग्यात उभं केलं आणि माझा पंप त्यांच्या पाठीवर चढवला. (नळी डाव्या हातात, दांडा उजव्या हातात, आणि पंप बंद.) सहा वर्षांत हा माणूस बांध ओलांडून आत आला नव्हता.

टीव्हीवर चाळीस मिनिटांतलं एक वाक्य नव्हतं. बासरी होती. मी चुलीपाशी रडत होते आणि एक पुरुष जड आवाजात सांगत होता की पतीच्या जाण्याने कुंताचं जग थांबलं. खाली अक्षरं आली: "खेती सँभालते मधुकरराव". दुसऱ्या दिवशी बाया भेटायला आल्या, सहा वर्षं उशिरा. अनुसयाबाई गळ्यात पडून रडली, "माय वो, तू इतकी दुखात हायेस, मले ठाऊकच नाई!" आदल्या दिवशीच तिने माझं पोतं रस्त्यावर भिरकावलं होतं.

इथवर मीही हसले. मग मधुकरराव आले. दरवर्षी पाडव्याला ते मला वावर मक्त्याने देतात, तुला ठाऊक आहे. म्हणाले, "कुंताबाई, तुमचे हाल पाहून मले जेवण नाई गेलं. यंदा तुम्ही आराम करा. वावर मीच पाहतो."

मी म्हटलं, "मालक, सहा वर्षं वावर कोण करून राह्यलं?"

"थे खरं हाय. पण सारा देश पाहून राह्यला. बाईच्या जिवाले इतका तरास देतो म्हणून मलेच नावं ठेवतीन नं लोकं."

मी भांडले, हिशेबाच्या वह्या दाखवल्या, वांगी दाखवली. ते माझ्याकडे असं पाहत होते जसं आजाऱ्याकडे पाहतात. उठताना म्हणाले, "काही बोलाचंच असन तर भावाले पाठवजा." वाईट माणूस नाही रे तो. वाईट असता तर कुठे तक्रार तरी केली असती. डोळ्यांत पाणी आणून तो माझ्या पोटावर पाय देतो आहे, त्याची तक्रार कुठे करतात?

असो. मन मोकळं केलं इतकंच. तू काही करावंस असं नाही. मोहिनीला आशीर्वाद.

तुझी,
कुंताताई

ता. क. पाडव्याला सकाळी नऊच्या आत ये. मधुकररावांच्या ओसरीत बसायचं आणि ते वावर तुझ्या नावाने मक्त्याने मागायचं. कागद तुझा, सही तुझी, बाकी सगळं मी करीन. हे लिहिताना हात चालत नाही, पण गावात दुसरं कोणीच मला वावर देणार नाही. कार्यक्रम सगळ्यांनी पाहिला आहे.

पुन्हा ता. क. ते विचारतील, यंदा काय लावता? "ताईले विचारून सांगतो" असं म्हणू नकोस. वांगी म्हण.